मंगलचा नंबर

टेम्पो भरून झाला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कपाट, शिलाई मशीन, ज्वारीची पोती आणि सगळ्यात वर उलटी बांधलेली बाज. माझी बायको मंगल ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि मी कडेला. भावकीतली माणसं रस्त्यापर्यंत आली होती, पण रडलं कुणीच नाही. आमच्या खटाव तालुक्यात गाव सोडून जाणाऱ्यासाठी रडायचं म्हटलं तर रोजच रडावं लागेल. निम्मं गाव फौजेत आणि उरलेलं सोनं गाळायच्या धंद्यात पार परमुलखात. सगळे एकच सांगत होते, "सुभेदार, लय बरं केलंसा. मंगलवैनीला आता डॉक्टर दारात!"

वडूज आलं तशी मंगल ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, वाईच थांबवा की." मला वाटलं, देवाला नारळ फोडायचा असेल. ती खाली उतरली आणि सरळ आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. गाव सोडून चालल्याचं त्यांना सांगायला! आत दहा माणसं बसली होती. डॉक्टर बाहेर आले, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "जा की. पण तिथं डॉक्टर एकच धर. दहा धरलेस तर एकबी तुझा न्हाई." ती पाया पडायला वाकली तर ओरडले तिच्यावर. "पाया काय पडतीस? गोळ्या टायमाला घे." टेम्पोत बसल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. घराला कुलूप लावताना ज्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ती दवाखान्यापुढं रडली. मला तेव्हा हसू आलं होतं.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं जाऊन बसलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितोय. फोनवर तुम्ही विचारता, "काय म्हणतीया सांगली?" आणि मी म्हणतो, "बरं चाललंय." ते खोटं आहे. बरं चाललेलं नाही.

आम्ही निघालो ते मंगलच्या साखरेपायी. मी नोकरीत असताना शेत, जनावरं, पोरगा, म्हातारा-म्हातारी, सगळं तिनं एकटीनं ओढलं. मी पेन्शनीत आलो आणि तिला साखरेनं धरलं. एकदा कांद्याच्या रानात चक्कर येऊन पडली. बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणली, मग जीप शोधली, मग वडूज. मी ठरवलं, बास. माझे वडील, आण्णा, मी भरती व्हायला निघालो तेव्हा म्हणाले होते, "जाशील तितं आदी पानी बघ, मग वैद बघ. बाकीचं मागनं हुतंय." सांगलीला कृष्णा आहे आणि हाताच्या अंतरावर मिरज. मिरजेत डोळे झाकून दगड भिरकावला तर तो डॉक्टरच्याच पाटीला लागतो. आण्णांच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, असं म्हणून मी विश्रामबागेच्या बाजूला जागा घेतली.

आता वडूजच्या दवाखान्याची रीत सांगतो. तुम्हाला ती पाठ आहे, पण शहरात वाढलेल्या आपल्या पोरांना ती परीकथा वाटेल, म्हणून सांगतो. तिथं चिठ्ठी नव्हती, घंटा नव्हती. आल्यावर विचारायचं, "शेवटचं कोण?" आणि त्याच्यामागं आपण. डोक्यातच नंबर. पण एखादी बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली, एखादा म्हातारा धापा टाकत आला, की ज्याचा नंबर असेल तो न बोलता उठायचा आणि "जा तुमी" म्हणायचा. ह्याला आम्ही नंबर सोडणं म्हणतो. सोडणारा मग दाराला लागून असलेल्या फळीवर बसायचा. त्या फळीवर बसलेला माणूस म्हणजे नंबर सोडलेला, हे सगळ्यांना ठाऊक. लेकरू बाहेर आलं की डॉक्टर पडद्याआडूनच हाक मारायचे, "कोण बसलंय रं फळीवर? ये." मध्ये घुसायची कुणाची टाप नव्हती. मंगल तर निम्म्या वेळा फळीवरच बसलेली असायची. मी चिडायचो. "तुझंच काय एकटीचं अडतंय सारखं नंबर सोडायला?" ती म्हणायची, "आवं, मला का झालंय? मी चालत आलीया."

आत गेल्यावर डॉक्टर आधी तिची चप्पल काढायला लावायचे. तळवे उलटे करून बघायचे, अंगठ्यानं दाबून विचारायचे, "हितं कळतंय? हितं?" साखरेच्या माणसाचे पाय बधिर होतात, काटा मोडला तरी कळत नाही. तिला लाज वाटायची, डॉक्टरनं पायाला हात लावला म्हणून. घरी येईपर्यंत पुटपुटत राहायची.

फौजेतसुद्धा, कितीही शिव्या घातल्या तरी, सिक रिपोर्टला सकाळी उभं राहिलं की डॉक्टर बघायचाच. पोटदुखीला आणि गुडघेदुखीला तीच पांढरी गोळी द्यायचा, ते सोडा. पण बघायचा. माणूस माणसाला बघतो, एवढी साधी गोष्ट मी धरूनच चाललो होतो.

सांगलीत आल्यावर आठवडाभरात मी डॉक्टर शोधायला निघालो. शेजारच्या बँकवाल्या साहेबांना विचारलं, "तुमचा फॅमिली डॉक्टर कोण?" तर ते हसले. "सुभेदार, आता कुठं राहिलेत फॅमिली डॉक्टर? काय दुखतंय ते सांगा, त्याचा माणूस सांगतो." हाडाचा वेगळा, कानाचा वेगळा, किडनीचा वेगळा, साखरेचा वेगळा. माणसाचे वाटे घातलेत जसे खाटकानं. आणि ज्याच्याकडं जावं तो पहिलं विचारतो, "रेग्युलर कुणाला दाखवता? त्यांची चिठ्ठी आणलीय का?" म्हणजे जो माणूस कुठं मिळत नाही, त्याचीच चिठ्ठी सगळ्यांना पाहिजे!

मिळाला, शेवटी एक मिळाला. आमच्या मागच्याच गल्लीत. तरुण, शांत, हुशार. डॉक्टर वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याच्यापर्यंत पोचणं म्हणजे दिव्य. त्याच्या वेळा सकाळी मोबाईलवर उघडायच्या. मी चष्मा लावून बोट टेकवेपर्यंत सगळ्या भरलेल्या. फोन करावा तर एक बाई इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत वाट बघायला सांगायची, आणि मग गाणं. शेवटी आमचा अमोल, आमचा मुलगा, पुण्यात कंपनीत बसून आमची वेळ घ्यायला लागला. पोरगं पुण्यात आणि डॉक्टर आमच्या मागच्या गल्लीत. आमच्या माडीवरून हाक मारली तर त्याला ऐकू जाईल. तरी वेळ पुण्याहून यायची, आणि ती पुढच्या आठवड्यातली. आजारानं आधी तारीख बघून यायचं, असा हा कारभार.

आत गेलं की डॉक्टर मंगलकडं एकदा बघायचा आणि मग पडद्याकडं. कॉम्प्युटरच्या. तिचे आकडे त्यात असायचे. "काकू, शुगर थोडी वाढलीय. चालत जा रोज." झालं. चप्पल काढ म्हणाला नाही कधी. मंगल मला म्हणाली, "बरं हाय, ह्यो पायाला शिवत न्हाई." मीसुद्धा मान हलवली. काय माहीत होतं!

चैत्रात तिनं माडीवर कुरडया घातल्या. आपल्याकडं वाळवणात चप्पल घालून जात नाहीत, खायचं असतं ते. ती अनवाणी. खाली फरशी तापून तवा झालेली. तासभर ती बाई कुरडया उलथत त्या तव्यावर फिरली आणि तिला कळलंच नाही. उजव्या तळव्याला मोठा फोड. दोन दिवसांनी तो फुटला, तरी "काय न्हाई हो, जरासं सोललंय" म्हणून हळद लावून बसली. मी बघितलं तेव्हा कडा काळसर झालेल्या. मी अमोलला फोन लावला. त्यानं लगेच बघितलं. वेळ मिळाली, आठवड्यानंतरची. त्यानं निकडीचं म्हणून निरोपही टाकला. उत्तर आलं, "आपला निरोप मिळाला."

मी मधल्या काळात स्वस्थ बसलो नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेलो. तिथल्या पोरानं विचारलं, "चालत आलात ना?" पट्टी बांधली, गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. शुगर त्यांनी बघायला पाहिजे." चालत आली, हाच तिचा गुन्हा. स्ट्रेचरवर ओरडत आली असती तर कुणीतरी बघितलं असतं.

तो दिवस उजाडला. टोकन मोबाईलवर आलं होतं, ते दाखवल्यावर दारातल्या मुलीनं तिला कागदाची चिठ्ठी दिली. मी मंगलला आत बसवलं आणि स्कूटर लावायला जागा शोधत गेलो. ती मिळाली पार चौकाच्या पलीकडं. परत आलो तर मंगल दाराला लागून असलेल्या खुर्चीवर बसलेली, चेहरा एकदम शांत. मी विचारलं, "झालं?"

"न्हाई. नंबर सोडला." तिनं हळूच सांगितलं. "येका पोरीचं लेकरू हुतं ओ. डोळं फिरवत हुतं, निळं पडलं हुतं. तिच्याकडं टोकन न्हाई म्हून ही बया तिला संध्याकाळी ये म्हनत हुती. मी दिली माजी चिठ्ठी. आता त्येंच्या मागनं आपुनच."

आता आपणच! ती फळीवर बसली होती, मंडळी. सांगलीतल्या एसी दवाखान्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, वडूजच्या फळीवर बसल्यासारखी निवांत बसली होती.

पुढचा आकडा लागला आणि पुढचा माणूस आत गेला. मग त्याच्या पुढचा. मंगल दर वेळी अर्धी उठायची आणि परत बसायची. मी काउंटरवर गेलो. मुलगी म्हणाली, "काका, तुमचं टोकन वापरून झालंय."

"वापरलं दुसऱ्यानं. आमचं माणूस हितं बसलंय की."

"सिस्टिममध्ये क्लोज दाखवतंय. आज फुल आहे. पुढच्या गुरुवारची देऊ?"

माझा आवाज चढला. फौजेतला आवाज, तो चढला की खिडक्या वाजतात. "अगं, तुझ्या डोळ्यादेखत तिनं चिठ्ठी दिली! पाय कुजायला लागलाय तिचा! गुरुवार काय सांगतीस?" बसलेली सगळी माणसं मोबाईलमध्ये बघायला लागली. एकानं, एकानंसुद्धा म्हटलं नाही की बाईला आधी सोडा. ती मुलगी म्हणाली, "काका, आवाज खाली करा. मी नाही नियम केलेले." हेही खरंच. तिनं नाही केलेले. कुणीच केलेले नसतात.

मंगल माझा हात ओढत होती. "आवं, गप बसा. शेवटी बघतील की. सगळी गेल्यावर बघतील." आम्ही बसलो. सगळी गेली. डॉक्टर बाहेर आला, फोन कानाला, मिरजेला जायची घाई. मंगल उभी राहिली, पायावर भार न देता, आणि म्हणाली, "डॉक्टर..." त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, तोंडभर हसला, "काकू, गुरुवारी या हं," आणि गाडीत बसला. मी मागून धावलो. "साहेब, एक नजर टाका फक्त पायावर!" काच वर गेली होती. त्याला ऐकू गेलं नसेल. गेलं नसेल असंच मी धरून चालतो, नाहीतर त्या गल्लीला लागून राहणं मला जमणार नाही.

गुरुवारच्या आदल्या दिवशी मोबाईलवर निरोप आला. डॉक्टर परगावी, आपली वेळ रद्द, तसदीबद्दल दिलगीर. दुष्काळात तेरावा महिना. त्याच दुपारी मंगलला हुडहुडी भरून ताप आला आणि पट्टी सोडली तर वास सुटला. मी तिला रिक्षात घालून मिरजेला नेलं. आता मात्र दारं उघडली! आता स्ट्रेचर होतं, नर्स होती, तीन-तीन डॉक्टर होते, सगळे धावत होते. साधा डॉक्टर वेळेवर पाहिजे होता तेव्हा कुणी नव्हतं आणि पाय कापायचा म्हटल्यावर सगळी फौज हजर. मोठे सर्जन होते त्यांनी पाय बघितला आणि माझ्यावरच डाफरले, "इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

कुठं होतो? तुमच्याच सांगलीत होतो, साहेब. रांगेत होतो.

गुडघ्याखालून पाय काढला. जीव वाचला, असं सगळे म्हणतात, आणि वाचला हे खरं आहे. मी देवाला हात जोडले. पण ज्या पायानं तिनं वीस वर्षं माझ्यामागं माझं रान तुडवलं, तो पाय एका टोकनापायी गेला, हे मी कुठल्या देवाला सांगू? "गरज सरो, वैद्य मरो" अशी म्हण आहे आपली. इथं उलटं झालंय. वैद्य सुखरूप आहे, गरजवंत मरो.

पुढं तपासण्या, टाके, साखर, सगळं आलंच. त्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात आम्ही एकदा गेलो, कागद आणायला. मंगल कुबडीवर. तिनं त्या मुलीला पहिला प्रश्न काय विचारला? "बाय, त्ये लेकरू बरं हाय का गं?" मुलीचं तोंड पडलं. म्हणाली, "काकू, दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही." मंगलनं मान डोलावली. अजून अधूनमधून ती लेकराचं काढते. माझ्या मनात त्या लेकराविषयी काय येतं ते मी लिहीत नाही. ते लिहिण्यासारखं नाही.

मग मी म्हटलं, चल, गावाकडं जाऊ. इथं काय ठेवलंय? वडूजच्या डॉक्टरांना फोन लावला. तो लागला बेंगलोरला. त्यांनी दवाखाना बंद केलाय, लेकीकडं राहायला गेलेत, डोळ्याला दिसत नाही. त्या जागेत आता मोबाईलचं दुकान आहे, हे तुम्हा कुणाला मला सांगावंसं वाटलं नाही, गड्यांनो. मी मंगलचं सांगितलं. ते म्हणाले, "उजवाच ना? उजवाच आधी बधिर झाला हुता तिचा." मी हो म्हटलं. म्हणाले, "सुभेदार, मलाबी हितं डोळ्याच्या डॉक्टरनं पुढच्या महिन्यातली तारीख दिलीया." आणि हसले. ते हसणं ऐकून मी फोन ठेवला.

म्हणजे परत जायचं तरी कुठं? घर आहे, कुलूप आहे, रान वाट्यानं दिलंय. तुमच्यातलीच माणसं आता ताप आला तरी जीप करून मिरजेला येतात आणि आमच्याकडं मुक्काम टाकतात. जेवताना म्हणतात, "तुमचं बरं हाय बाबा, डॉक्टर दारात." कुबडी भिंतीला टेकवलेली असते, तिच्याकडं बघत-बघत म्हणतात!

दिवाळीच्या पाडव्याला अमोल आला होता. तो म्हणाला, "आई, पुण्याला चल. तिथं चांगले डॉक्टर आहेत." मी म्हटलं, तुझी आई आहे, तिलाच विचार. मंगल ताटातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुटंबी ने, बाळा. सांगली काय आन पुनं काय. जितं माजं काय दुखतंय त्ये मला पयल्यापास्नं सांगावं लागतंय, त्ये माजं गाव न्हाई. आन आता तसं गाव ऱ्हायलं न्हाई."

अमोल तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागला. मीही.

परवा मिरजेला जखम दाखवायला गेलो. मागच्या खेपेचा डॉक्टर बदलून गेला होता, नवा बसला होता, अमोलच्या वयाचा. कागद त्याच्यापुढंच होते. त्यानं ते बाजूला सारले, पेन उघडलं आणि मंगलला विचारलं, "हं, काकू, बोला. काय झालं?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरला, आणि चैत्रातल्या कुरडयांपासून सांगायला सुरुवात केली.